क्रेडिट कार्डाचे पॉइंट वटवताना पुरेपूर मोबदला कसा मिळवावा

एकाच कार्डावर खर्चाबद्दल मिळालेला एकच पॉइंट कुठे वटवला यावरून त्याची किंमत तिपटीने कमी-जास्त होऊ शकते. एचडीएफसी बँकेच्या इन्फिनिया कार्डाचा पॉइंट बँकेच्या स्मार्टबाय संकेतस्थळावर विमान किंवा हॉटेलच्या आरक्षणासाठी वापरला, तर तो १ रुपयाचा धरला जातो. तोच बिलात वळता करून घेतला, तर ३० पैशांचा. बहुतेकांच्या पाकिटात असलेल्या साध्या कार्डांवर पॉइंटची किंमत याहून बरीच कमी असते, पण वाटेनुसार पडणारा फरक तिथेही असतोच. म्हणून ‘रिडीम’चे बटण दाबण्यापूर्वी अर्धा तास हिशेबासाठी काढावा.

सर्वप्रथम बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये जाऊन चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात: एकूण शिल्लक पॉइंट, त्यांतले कोणते कधी बाद होणार, एका वेळी किमान किती पॉइंट वटवावे लागतात आणि प्रत्येक वेळी किती शुल्क लागते. अनेक कार्डांवर पॉइंटची मुदत दोन किंवा तीन वर्षांची असते आणि ती प्रत्येक महिन्याच्या पॉइंटसाठी वेगळी मोजली जाते. त्यामुळे एकूण आकडा मोठा दिसत असतानाच त्यातला जुना भाग गुपचूप गळत राहतो. माझे स्वतःचे तीन हजारांच्या आसपास पॉइंट असेच गेले, कारण मी केवळ एकूण शिल्लक पाहत होतो आणि मुदतीचा तपशील दुसऱ्याच पानावर होता.

शुल्काची बाब किरकोळ वाटते, पण ती नीट समजून घ्यावी. कित्येक कार्डांवर पॉइंट वटवण्याच्या प्रत्येक विनंतीमागे ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे आकारले जातात. चार पॉइंटला एक रुपया देणाऱ्या कार्डावर ५०० पॉइंट वटवले, तर १२५ रुपये मिळतात आणि शुल्क वजा जाता हाती ८ रुपये १८ पैसे उरतात. हेच ८,००० पॉइंट एकदम वटवले, तर २,००० रुपयांतून तेवढेच शुल्क जाते. थोडे थोडे वटवण्याऐवजी मुदत सांभाळून एकगठ्ठा वटवणे केव्हाही हिताचे ठरते.

आता मुख्य हिशेब. वस्तू किंवा सेवा तुम्ही एरवी जिथून स्वस्तात स्वस्त घेतली असती, तिथला रोख भाव घ्यावा, त्यातून तुम्हाला वरून भरावी लागणारी रक्कम आणि शुल्क वजा करावे आणि उरलेल्या रकमेला पॉइंटच्या संख्येने भागावे. येणारा आकडा ही त्या वाटेने मिळणारी पॉइंटची खरी किंमत. बँकेने छापलेला भाव या हिशेबात कुठेच येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्याकडे ८,००० पॉइंट आहेत. बँक बिलात वळते करताना पॉइंटला २० पैसे आणि प्रवासासाठी ५० पैसे देते. बिलात वळते केले, तर १,६०० रुपये होतात. वरचे शुल्क वजा जाता १,४८३ रुपये, म्हणजे पॉइंटमागे साधारण साडेअठरा पैसे. बँकेच्या वस्तूंच्या यादीत याच ८,००० पॉइंटला ‘४,००० रुपयांचा’ मिक्सर आहे, पण तेच मॉडेल दुकानात २,८०० रुपयांना मिळते. तेव्हा शुल्क धरले नाही तरी पॉइंटला ३५ पैसेच मिळाले. दिवाळीत नागपूरला घरी जायचे म्हणून तुम्ही बँकेच्या प्रवास-संकेतस्थळावर पुण्याहून विमानाचे तिकीट पाहिले. भाडे ६,४०० रुपये; पैकी ४,००० रुपये ८,००० पॉइंटांतून आणि २,४०० रुपये खिशातून. हेच तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ५,९०० रुपयांना असेल, तर शुल्क न धरता तुमची बचत ३,५०० रुपयांची झाली आणि पॉइंटला सुमारे ४४ पैसे पडले. छापील ५० पैशांपेक्षा हे कमी आहे, तरीही तिन्हींत हीच वाट उत्तम. प्रवासात पूर्ण रक्कम पॉइंटांनी भरू न देण्याची मर्यादा काही बँकांनी घातलेली असते, तीही आधी पाहून घ्यावी.

हा हिशेब एका अटीवर खरा ठरतो: नागपूरला तुम्ही जाणारच होता. जायचे नसताना केवळ पॉइंटला चांगला भाव मिळतो म्हणून तिकीट काढले, तर ते २,४०० रुपये निव्वळ खर्चाचे आहेत. ज्यांचा विमानप्रवास वर्षानुवर्षे घडत नाही, त्यांनी किराणा, कपडे किंवा ऑनलाइन खरेदीचे असे व्हाउचर निवडावे, जे घरात हमखास वापरले जाईल. व्हाउचरचीही मुदत असते आणि त्यातली न वापरलेली रक्कम अनेकदा परत मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमेचे एकच व्हाउचर घेण्यापूर्वी त्याच्या अटी वाचाव्यात. वस्तूंच्या यादीकडे मात्र मी सर्वांत शेवटी वळण्याचा सल्ला देईन, कारण तिथला भाव बाजारभावाशी ताडून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

विमान कंपन्यांच्या किंवा हॉटेलांच्या सदस्य-योजनेत पॉइंट वर्ग करण्याची सोय काही कार्डांवर असते. जाणकाराला तिथे सर्वाधिक मोबदला मिळू शकतो, पण एकदा वर्ग केलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, हव्या त्या तारखेची जागा मिळेलच असे नसते आणि तिकिटावरचे कर व अधिभार बहुधा रोखच भरावे लागतात. तेव्हा आधी त्या योजनेत जागा शोधावी, ती दिसल्यावरच पॉइंट वर्ग करावेत. अशा योजनाही कायम तशाच राहत नाहीत: नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराच्या सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब (पूर्वीचे नाव फ्लाइंग रिटर्न्स) या योजनेत गेले. बँकाही पॉइंटचे दर बदलत असतात आणि ते बदल बहुधा ग्राहकाच्या फायद्याचे नसतात. पॉइंटवर व्याज मिळत नसल्याने, नजरेसमोर ठरलेला खर्च नसेल, तर ते वर्षभरात वटवून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिल थकलेले असेल, तर वरचे सारे बाजूला ठेवून आधी थकबाकी फेडावी. कार्डावरचे व्याज महिन्याला पावणेचार टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला ४५ टक्क्यांपर्यंत जाते; त्यापुढे पॉइंटांतून मिळणारा एखादा टक्का कुठेच टिकत नाही. शिवाय बिलात वळते केलेले पॉइंट अनेक बँका बिलाचा भरणा म्हणून धरत नाहीत, त्यामुळे देय तारखेपूर्वीची किमान रक्कम वेगळी भरावीच लागते. कार्ड बंद करायचे असल्यास विनंती देण्यापूर्वीच पॉइंट वटवावेत.

‘तुमचे पॉइंट आज रात्री बाद होणार, या लिंकवरून वटवा’ असा संदेश आला, तर त्यातील लिंक उघडू नये आणि सोबत आलेली फाइल फोनवर बसवू नये. बँकेचे अ‍ॅप स्वतः उघडून शिल्लक आणि मुदत पाहावी. पॉइंट वटवण्यासाठी कुणालाही कार्डाचा सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी फोनवर सांगू नये. फसवणूक झालीच, तर लगेच बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पॉइंट वटवल्यावर त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि विनंतीचा क्रमांक जपून ठेवावा, आणि पुढचे बिल आले की त्यात रक्कम जमा झाली का आणि शुल्क एकदाच लागले का, हे ताडून पाहावे.