तारेचा फोन: रोझेटपासून रिसीव्हरपर्यंत

टेबलावरच्या तारेच्या फोनला चार्जिंग लागत नाही आणि तो घरात कुठे ठेवला हे कुणाला शोधावं लागत नाही. घरात वयस्कर माणसं असतील, दवाखाना किंवा छोटं ऑफिस असेल, तर हा फोन आजही ठेवण्यासारखा आहे. फक्त तो नीट लावला पाहिजे. 'फोन बिघडला' म्हणून नवीन आणला जातो तेव्हा बहुतेक वेळा जुनं यंत्र ठणठणीत असतं. दोष असतो तारेत, पिनेत नाहीतर जोडात. म्हणून इथे यंत्रापेक्षा तारेबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी लाइन ओळखा

मुंबईतल्या घरांत तीन प्रकारच्या लाइन सापडतात.

पहिली जुनी, तांब्याची. बिल्डिंगच्या जिन्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीवर असलेल्या डीपी बॉक्समधून, म्हणजे घराघरांत लाइन वाटणाऱ्या पेटीतून, दोन तारांची जोडी घरात येते आणि भिंतीवरच्या छोट्या डबीत संपते. या डबीला लाइनमन 'रोझेट' म्हणतात. या लाइनवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट डीसी वीज येते. ती एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरची असते. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगची वीज गेली तरी फोन चालू राहतो.

दुसरी फायबरची. बारीक केबल ओएनटीमध्ये, म्हणजे ज्याला आपण फायबरचा मोडेम म्हणतो त्यात जाते. फोन लावायचा तो त्या मोडेमच्या मागे 'टेल', 'फोन' किंवा 'पॉट्स' लिहिलेल्या सॉकेटमध्ये. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही. घरातली वीज गेली की मोडेम बंद आणि फोनही मुका. फोन वयस्करांसाठी घेत असाल तर मोडेमला छोटा यूपीएस लावाच. घेण्याआधी मोडेमच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील.

तिसरी सोसायटीच्या इंटरकॉमची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हीच घालते. इंटरकॉमवर साधा तारेचा फोन चालतो, उचलला की टोनही येतो, पण बाहेरचा नंबर लागत नाही. कित्येक फ्लॅटमध्ये इंटरकॉमची आणि बाहेरची जोडी एकाच डबीत शेजारी शेजारी असते. ओळखायचं कसं? मोबाइलवरून आपल्या लँडलाइनला कॉल करा. फोन वाजला तर ती बाहेरची लाइन. मग लगेच दोन्ही जोड्यांना चिकटपट्टीची चिठ्ठी लावून टाका. या दोन जोड्या एकमेकींना कधीही जोडू नका.

ऑफिसात भिंतीवरचं सॉकेट ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसच्या स्वतःच्या छोट्या एक्स्चेंजच्या, डिजिटल लाइनचं असेल, तर घरचा साधा फोन तिथे चालणार नाही. ईपीएबीएक्स सांभाळणाऱ्या माणसाकडून साधी, म्हणजे अॅनालॉग एक्स्टेन्शन मागून घ्या.

फोन जोडणे

जागा रोझेटजवळची, पण खिडकीपासून लांब निवडा. फोनबरोबर येणारी लाइनची वायर आखूड असते. ती पुरत नसेल तर तुकड्याला तुकडा पिळून टेप लावण्यापेक्षा ५ किंवा १० मीटरची तयार वायर घ्या. लॅमिंग्टन रोडला, नाहीतर जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती सहज मिळते. वायर भिंतीच्या कडेने न्या, चालण्याच्या वाटेवरून नको. विजेच्या वायरीला चिकटून लांबवर नेलीत तर फोनमध्ये 'घुंऽऽ' असा आवाज बसतो. विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

१. आधी कॉइल वायर. हिच्या दोन्ही टोकांना लहान, चार पट्ट्यांची पिन असते. एक टोक रिसीव्हरमध्ये, दुसरं फोनच्या बाजूच्या सॉकेटमध्ये घाला. 'टक' असा आवाज आला की बसली. हलकेच ओढून पाहा. सुटून आली तर पिनेची प्लॅस्टिकची जीभ तुटली आहे, वायर बदला.

२. आता लाइनची वायर. हिची पिन जराशी रुंद असते, तिला आरजे-११ म्हणतात. ती फोनच्या मागच्या 'लाइन' सॉकेटमध्ये घाला. शेजारी 'फोन' असं दुसरं सॉकेट असेल तर ते दुसरा फोन जोडण्यासाठी आहे. फोनच्या तळाला खाच असेल तर वायर त्या खाचेतून घ्या, म्हणजे फोन डुगडुगत नाही.

३. कॉलर आयडीचा पडदा असलेल्या अनेक फोनांना पेन्सिल सेल लागतात. सेल घालताना आणि बदलताना लाइनची पिन काढून ठेवा. सेल वर्षानुवर्षं तसेच राहिले की पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. पडदा फिका पडला की वाट न पाहता बदला.

४. वायरचं दुसरं टोक रोझेटमध्ये किंवा मोडेमच्या फोन सॉकेटमध्ये घाला. मोडेमवर इथे नीट बघा: फोनची पिन शेजारच्या लॅनच्या रुंद सॉकेटमध्येही ढिली का होईना शिरते. तिथे फोन चालत नाही, उलट सॉकेटच्या कडेच्या पट्ट्या वाकतात.

५. फोनच्या तळाचा किंवा बाजूचा टोन-पल्सचा स्विच टोनवर ठेवा. रिंगचा स्विच 'हाय'वर.

रिसीव्हर उचला. सलग टोन आला की मोबाइलवर एक कॉल करा, मग मोबाइलवरून परत फोनवर करा. जाणारा आणि येणारा असे दोन्ही कॉल तपासल्याशिवाय फोन लागला असं समजू नका.

तांब्याच्या लाइनवरच ब्रॉडबँड असेल तर मध्ये स्प्लिटर, म्हणजे बोलणं आणि इंटरनेट वेगळं करणारी छोटी डबी, हवा: 'लाइन'ला रोझेटची वायर, 'मोडेम'ला मोडेम, 'फोन'ला फोन. स्प्लिटर नसेल तर बोलताना सतत 'स्स्स' ऐकू येतं आणि फोन वाजला की इंटरनेट तुटतं.

भिंतीवर टांगायचा असेल तर रिसीव्हर ठेवतो त्या वरच्या खोबणीत प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते. ती ओढून काढा, उलटी करून परत बसवा. आता तिचा आकडा रिसीव्हरला धरून ठेवतो.

रोझेटच्या आत

ही डबी एकदा उघडून बघाच, कारण मुंबईच्या हवेत पहिला रोग इथे लागतो. आधी फोनची पिन काढा, हात कोरडे करा, स्क्रूड्रायव्हर इन्सुलेशनचा घ्या. लाइनच्या ४८ व्होल्टनी सहसा काही होत नाही, पण काम चालू असताना कॉल आला तर रिंगची साधारण ७५ ते ९० व्होल्टची एसी वीज येते आणि तिचा चांगलाच झटका बसतो. उघड्या तारांना बोट लावू नका.

झाकण काढलं की दोन स्क्रू दिसतील, प्रत्येकाखाली एक तार. तांबं लालसर, चकचकीत असेल तर झाकण लावून टाका. स्क्रूभोवती हिरवट-पांढरी पूड जमली असेल आणि तार काळी पडली असेल, तर खरखर तिथूनच येते आहे. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांचं हे काम. स्क्रू ढिला करा, तारेचं काळं टोक कापून टाका आणि नवीन सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तार सोला. सोलताना तांब्यावर चर पडू देऊ नका, नाहीतर तार तिथेच तुटते. टोकाला स्क्रूच्या पिळाच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आकडा द्या. मग स्क्रू आवळताना तार बाहेर न सरकता आत ओढली जाते. एका तारेचा केससुद्धा दुसरीला लागता कामा नये. दोन तारा उलटसुलट झाल्या तरी आजच्या बटणांच्या फोनला फरक पडत नाही.

बाहेरून तार खिडकीच्या चौकटीतून आत येत असेल, तर आत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, इंग्रजी 'यू'सारखा. पावसाचं पाणी तारेवरून वाहत येऊन त्या झोक्याच्या तळाशी गळून जातं. झोका नसेल तर तेच पाणी तारेचा हात धरून थेट रोझेटमध्ये येतं. एवढी एक गोष्ट केली तरी पावसाळ्यातल्या निम्म्या कटकटी टळतात.

रोझेटच्या पलीकडचं काम कंपनीचं. डीपी बॉक्स स्वतः उघडू नका. त्यात शेजाऱ्यांच्याही जोड्या असतात.

नंबर फिरवताना

मुंबईच्या लँडलाइनचा नंबर आठ आकडी, कोड ०२२. ठाणे आणि नवी मुंबई याच कोडमध्ये येतात. कल्याण-डोंबिवलीला मात्र ०२५१ आणि वसई-विरारला ०२५० लागतो, पुण्याला ०२०. शहरातला नंबर नुसत्या आठ आकड्यांनी लागला नाही तर ०२२ लावून पाहा.

मोबाइलला लावताना दहा आकड्यांच्या आधी शून्य हवं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला असंच लावायचं आहे. वयस्कर माणसांचा 'मुलाचा फोन लागतच नाही' हा त्रास बऱ्याचदा या एका शून्याचा असतो. मेमरीत नंबर भरताना शून्यासकट भरा. ऑफिसच्या एक्स्टेन्शनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी ० किंवा ९ दाबावा लागत असेल, तर मेमरीत त्यानंतर 'पॉज' टाका, नाहीतर टोन येण्याआधीच पुढचे आकडे निघून जातात.

फोनशेजारी ठळक अक्षरात एक कागद चिकटवा: ११२ तातडीची मदत, १०१ अग्निशमन दल, १०८ रुग्णवाहिका, १९१६ महापालिकेचा आपत्कालीन कक्ष. त्याखाली घरच्या माणसांचे नंबर, शून्यासकट. आणि आपला स्वतःचा पत्ता, विंग आणि मजल्यासह. घाबरलेल्या माणसाला घरचा पत्ताही पटकन आठवत नाही, पाहुण्यांना किंवा कामाला येणाऱ्या बाईंना तर तो ठाऊकच नसतो.

बटणांपैकी रिडायल, म्यूट आणि होल्ड सगळ्यांना कळतात. 'फ्लॅश'बद्दल मात्र थोडं सांगायला हवं. हे बटण लाइन क्षणभर तोडून परत जोडतं. कॉल चालू असताना दुसरा आलेला कॉल घेणं, ऑफिसात कॉल दुसऱ्या एक्स्टेन्शनला देणं ही कामं त्याने होतात. लाइन किती वेळ तुटते ते काही फोनांत बदलता येतं: १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद. फ्लॅश दाबल्यावर कॉलच कटत असेल तर वेळ जास्त आहे. काहीच होत नसेल तर कमी आहे.

बिघाड शोधताना

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला. फोन, वायर आणि सॉकेट तिन्ही एकदम बदलले तर दोष कुठे होता ते कळत नाही आणि तो परत येतो.

टोनच नाही. आधी घरातले बाकीचे फोन बघा. समांतर जोडलेल्यांपैकी एकाचा रिसीव्हर वाकडा राहिला तरी सगळी लाइन अडकते. सगळे फोन काढा आणि एकच फोन, शक्यतो दुसऱ्या वायरने, रोझेटला लावा. टोन आला तर दोष घरात आहे. एकेक फोन परत जोडत जा, कुठल्या फोनने टोन जातो ते लगेच दिसेल. फायबरवर मोडेमचा फोनचा दिवा बघा. इंटरनेट चालू आणि तो दिवा बंद, म्हणजे कंपनीकडून फोनची सेवा चालू झालेली नाही. इथे वायरी बदलून काही होणार नाही.

मल्टिमीटर असेल तर मोघम अंदाज बांधायची गरज नाही. सगळे फोन काढून डीसीवर रोझेटचे दोन स्क्रू मोजा. ४८ च्या आसपास आले तर लाइन घरापर्यंत ठीक येते आहे. फोन उचलला की हा आकडा ६ ते १२ वर उतरतो, ते बरोबरच आहे. काहीही न जोडता जेमतेम वीस-तीस व्होल्ट मिळत असतील तर बाहेर कुठेतरी जोडात पाणी गेलंय.

आवाज येतो, पण आपलं समोरच्याला ऐकू जात नाही. म्यूट बघा, मग कॉइल वायर बदलून बघा. रोज पिळून पिळून तिची एखादी तार आतून तुटते, बहुधा पिनेच्या अगदी जवळ. बोलता बोलता वायर हलवल्यावर आवाज ये-जा करत असेल तर शंकाच नको. महिन्यातून एकदा रिसीव्हर वायरवर उलटा लोंबकळत सोडा, तो स्वतःच गरगर फिरून पीळ काढतो.

वाजत नाही, पण कॉल लागतो. दहापैकी आठ वेळा रिंगचा स्विच पुसताना 'ऑफ'वर सरकलेला असतो.

बँकेच्या मेन्यूत 'एक दाबा' म्हटलं तरी पुढे जात नाही. फोन पल्सवर आहे. कॉल चालू असताना स्टार दाबला की पुष्कळ फोन तेवढ्या कॉलपुरते टोनवर जातात.

नंबर पडद्यावर दिसत नाही. सेल बघा, कॉलर आयडीची सेवा चालू आहे का ते विचारा आणि दोन रिंग होऊ दिल्यावरच उचला. पहिल्याच रिंगला उचललात तर कित्येकदा नंबर यायचा राहून जातो.

विजा कडाडत असतील, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरमध्ये, तर तांब्याच्या लाइनवर तारेचा फोन वापरू नका, पिन काढून ठेवा.

एवढं करूनही लाइन मेलेलीच असेल तर तक्रार नोंदवताना नुसतं 'फोन बंद आहे' म्हणू नका. 'सगळे फोन काढून रोझेटवर थेट तपासलं, टोन नाही, इतके व्होल्ट येतात' असं सांगा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. मग लाइनमन घरातले फोन तपासत न बसता थेट डीपीवर जातो.