माकड, वानर की एप? तक्ता पाठ न करता ओळखायचं कसं

भाचा प्रायमेट्सचा (लेमूर, माकडं, एप आणि आपण यांच्या गटाचा) तक्ता घोकून घोकून वैतागला होता, म्हटलं चल गाडी काढ, आणि त्याला घेऊन सरळ महाबळेश्वरला ऑर्थर सीटला गेलो. पुस्तकात जे चार पानं चाललंय ते तिथल्या कठड्यावर बसलेलं असतं. फक्त हातात कणीस, शेंगदाणे काही घेऊन जाऊ नका, निरीक्षण राहतं बाजूला आणि पिशवी जाते.

आधी शेपूट बघा. शेपूट लांब, टाळूवर मधोमध भांग पाडल्यासारखे केस, आणि गाल फुगलेले, म्हणजे आपलं नेहमीचं माकड. त्याच्या गालात पिशव्या असतात, आधी कोंबायचं आणि मग झाडावर जाऊन निवांत खायचं. काळ्या तोंडाचं वानर असेल तर गालपिशवी नाही, त्याऐवजी पोटात कप्पे, पाला तिथं आंबवून पचवतं. दोघंही माकडांतच मोडतात. एपला म्हणजे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण, बाहेर शेपूट नाहीच. पण नुसत्या शेपटीवर निकाल देऊ नका, उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी मकाकला शेपूट नसल्यातच जमा, तरी ते माकडच.

लेमूर, लोरिस वेगळे, त्यांचं नाक कुत्र्यासारखं ओलं असतं, एवढं पुरे.

आता दात. जिभेनं स्वतःचेच मोजा, मधल्या फटीपासून एका बाजूला २ पटाशीचे, १ सुळा, २ उपदाढा, ३ दाढा (अक्कलदाढ आली नसेल तर २, भाचा तिथंच अडकला). असे चार कोपरे मिळून ३२. ऑर्थर सीटच्या माकडाचेही ३२ आणि गोरिलाचेही ३२, म्हणजे नुसत्या आकड्यानं फरक कळत नाही, दक्षिण अमेरिकेतलं कॅपुचिन माकड असतं तर ३६ भरले असते. फरक दाढेच्या माथ्यावर आहे. आपल्याकडच्या माकडाच्या दाढेवर दोन आडवे बांध, एपच्या खालच्या दाढेवर पाच उंचवटे आणि मधल्या खाचा इंग्रजी वाय अक्षरासारख्या.

शेवटी खांदा. तालमीत सिंगलबारला लटकून बघा, हात सरळ डोक्यावर जातो कारण आपली छाती रुंद, चपटी आणि खांद्याचं हाड पाठीवर. माकडाची छाती कुत्र्यासारखी अरुंद, ते हाड बाजूला, म्हणून ते फांदीवरून चार पायांवर पळतं.

हे एवढं जमलं की जीवाश्म वाचता येतात. १९४८ ला जीवाश्म शोधणाऱ्या मेरी लीकी यांना केनियातल्या रुसिंगा बेटावर एक कवटी मिळाली, तेव्हा त्या प्राण्याला प्रोकॉन्सल म्हणायचे, आता एकेम्बो म्हणतात, वय अंदाजे १.८ कोटी वर्षं. मला सगळ्यात भारी हे वाटतं की त्या प्राण्याची दाढ एपची, शेपूट बहुधा गेलेली, पण धड माकडासारखं, चारी पायांवर चालणारं. म्हणजे एपची सगळी लक्षणं एकदम आली नाहीत, लटकणारा खांदा मागाहून आला. शिवालिक टेकड्यांत सापडलेला जुना एप शिवापिथेकस बघा, चेहरा थेट ओरांगउटानचा, पण दंडाचं हाड तसं नाही, त्यावरून अजून वाद चालू आहेत.

आणि जम्मूतल्या रामनगरला २०१५ ला एक दाढ सापडली, अंदाजे १.३ कोटी वर्षांची, २०२० ला तिचं नाव ठेवलं कपी रामनगरेन्सिस, गिबनचा जुना नातेवाईक. एका दाढेवरून! भाचा परतीच्या वाटेवर पाचगणीपर्यंत आरशात आ करून स्वतःच्या दाढेतला वाय शोधत होता.