भावकीतल्या जुन्या वैराचा इतिहास कसा लिहावा : हॅटफिल्ड आणि मॅकॉय घराण्यांच्या उदाहरणावरून

कोल्हापूर परिसरातल्या बहुतेक जुन्या घरांत एखादे तरी वैर असे असते, की त्याचे मूळ सांगणारी माणसे उरलेली नसतात. पण त्याचे नियम मात्र बिनचूक पाळले जातात. अमक्यांच्या बारशाला जायचे नाही, तमक्यांच्या बांधावरून उसाची गाडी न्यायची नाही. असे वैर लिहून ठेवायला बसलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘सुरुवात कुणी केली?’ हा, आणि तिथेच काम अडते, कारण या प्रश्नाला दोन्ही घरांत दोन पक्की उत्तरे तयार असतात. म्हणून लिहिण्याची सुरुवात वंशावळीपासून करावी, आणि तीही दोन्ही घरांची मिळून एकच काढावी.

हे मला सुचले ते अमेरिकेतल्या हॅटफिल्ड आणि मॅकॉय या घराण्यांविषयी वाचताना. अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ मुलखात टग फोर्क नावाची नदी आहे. तिच्या वेस्ट व्हर्जिनियाकडच्या काठावर ‘डेव्हिल अ‍ॅन्स’ या नावाने ओळखला जाणारा विल्यम अँडरसन हॅटफिल्ड, आणि केंटकीकडच्या काठावर रँडॉल्फ मॅकॉय. यादवी युद्धाच्या अखेरीस, जानेवारी १८६५ मध्ये, उत्तरेच्या फौजेतून परतलेला रँडॉल्फचा भाऊ एसा हार्मन मारला गेला; १८७८ मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला झाला; ऑगस्ट १८८२ मध्ये निवडणुकीच्या दिवशी डेव्हिल अ‍ॅन्सचा भाऊ एलिसन हॅटफिल्ड याला भोसकले गेले आणि तो दगावल्यावर मॅकॉयांच्या तीन मुलांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या गेल्या; १ जानेवारी १८८८ च्या रात्री रँडॉल्फचे घर जाळले गेले. नदी ही वैराची हद्द, असे चित्र यावरून सहज उभे राहते. वारणेच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्या आपल्याला ते लगेच पटतेही, कारण सातारा आणि करवीर या एकाच घराण्यातल्या दोन गाद्यांची हद्द १७३१ च्या तहाने वारणेवरच ठरली होती.

पण नावे कागदावर मांडली की हे चित्र टिकत नाही. डुकराच्या खटल्यातल्या पंचांमध्ये सहा हॅटफिल्ड आणि सहा मॅकॉय होते, तरी निकाल हॅटफिल्डांच्या बाजूने लागला, कारण सेल्कर्क मॅकॉयने त्यांच्या बाजूने मत दिले. बिल स्टेटन हा साक्षीदार दोन्हीकडचा नातेवाईक होता. डेव्हिल अ‍ॅन्सचा मुलगा जॉन्स याने रँडॉल्फची मुलगी रोझॅना हिच्याशी संबंध ठेवला आणि १८८१ मध्ये लग्न केले ते तिच्या चुलत बहिणीशी, म्हणजे मारल्या गेलेल्या एसा हार्मनच्याच मुलीशी, नॅन्सीशी. पुढे हीच नॅन्सी फ्रँक फिलिप्सकडे गेली, आणि हा फिलिप्स म्हणजे नदी ओलांडून हॅटफिल्डांना पकडून आणणारा केंटकीचा माणूस. आडनावावरून बाजू ठरवणारा लेखक या प्रत्येक ठिकाणी चुकला असता.

आपल्याकडे अडचण उलटी आहे. भावकीत दोन्ही बाजूंचे आडनाव एकच, देव एक, बहुधा सामाईक भिंतही एकच. त्यामुळे आडनाव काहीच सांगत नाही. म्हणून मोठा ड्रॉइंग पेपर घेऊन मूळ पुरुषापासून खाली सर्व शाखा काढाव्यात आणि प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे बायकोचे माहेर, तर प्रत्येक मुलीच्या नावापुढे तिचे सासर लिहिण्यासाठी रकाना ठेवावा. एकाच माहेरच्या दोन मुली भांडणाऱ्या दोन घरांत दिलेल्या आढळल्या, तर त्या जागी लाल खूण करावी. आमच्या घरचा अबोला मोडल्याचे श्रेय पुरुष मंडळी गावच्या बैठकीला देत. पण खरे तर माझी आजी आणि समोरच्या घरची आजी एकाच गावच्या, आणि वडगावच्या बाजारात त्या दोघी लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या बदलून घेत असत. बरणी एकीची, झाकण दुसरीचे, असे एक जोड अजून आमच्या फडताळात आहे.

हा रकाना भरणे हेच सर्वांत कष्टाचे काम आहे. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारे फिरते लोक, दारी येतात तेव्हा त्यांच्याकडून मूळ गाव आणि पुरुषांच्या पिढ्या उत्तम मिळतात. वही उघडून ते वाचू लागले की मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्यांचा मान द्यावा. आमच्या घरच्या वाचनात मात्र लेकींची नावे आली नाहीत. ती सापडली कागदांत. वडील वारल्यानंतरचे वारसाचे फेरफार आणि बहिणींनी भावांच्या नावे करून दिलेली हक्कसोडपत्रे यांत लेकींची नावे त्यांच्या सासरच्या गावासह येतात. सातबारा एवढ्यासाठी पाहावा, की त्यावर फेरफारांचे क्रमांक मिळतात. मग त्या क्रमांकांनी तलाठी कार्यालय आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. संस्थानकाळातला कागद मोडीत निघाला, तर अंदाजाने वाचू नये. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, कारण एका अक्षराच्या फरकाने चुलता पुतण्या होतो. दाव्याचा निकाल असल्यास त्याची सहीशिक्क्याची नक्कल काढावी आणि निकालापेक्षा साक्षीदारांच्या जबान्या आधी वाचाव्यात.

त्यानंतर घटनांची यादी करावी. प्रत्येक घटनेसमोर दोन गोष्टी लिहाव्यात : लोक सांगतात ते कारण, आणि त्याच्या आगेमागे दहा वर्षांत जमिनीची झालेली हालचाल. हॅटफिल्ड-मॅकॉय वैर डुकरावरून पेटले, असे जगभर सांगितले जाते. मात्र पेरी क्लाइन नावाच्या गृहस्थाला एका दाव्यात सुमारे ५,००० एकर लाकूडफाट्याची जमीन डेव्हिल अ‍ॅन्सला द्यावी लागली होती. हा क्लाइन एसा हार्मनच्या बायकोचा भाऊ. तो पुढे केंटकीतल्या पाइकव्हिलला वकील झाला आणि १८८७ मध्ये त्याने तिथल्या गव्हर्नरकडून १८८२ च्या हत्यांची जुनी आरोपपत्रे पुन्हा हालवून घेतली. याच काळात त्या खोऱ्यात रेल्वे येणार म्हणून जमिनीला भाव चढत होता. आपल्याकडे बांधावरच्या आंब्याची किंवा विहिरीच्या पाळीची गोष्ट सांगितली जाते. तारखा लावल्यावर पुष्कळदा तिच्याशेजारी खातेफोड, गटवारी किंवा पाणीपुरवठा योजना उभी दिसते.

वंशजांना भेटताना ‘तुमच्या आजोबांनी असे का केले?’ असे विचारू नये. ‘तुम्हाला लहानपणी कुठे जायची बंदी होती?’ असे विचारावे. भांडणाचे कारण लोकांना आठवत नाही, पण बंदी आठवते. रक्तातच राग आहे, असे कुणी म्हटले तर ते त्याच्या नावाने नोंदवावे, निष्कर्ष म्हणून लिहू नये. मॅकॉयांच्या काही वंशजांत अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर गाठी आणणारा आनुवंशिक आजार असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा वैराचे कोडे सुटल्याचा गाजावाजा झाला; पण त्या आजाराने हॅटफिल्डांच्या रागाचा उलगडा होत नाही, आणि ५,००० एकरांचा तर नाहीच.

पुढच्या पिढ्यांनी काय केले, हेही त्याच कागदावर यावे. डेव्हिल अ‍ॅन्सने १९११ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा पुतण्या हेन्री हॅटफिल्ड डॉक्टर झाला आणि १९१३ ते १९१७ वेस्ट व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. या शतकाच्या सुरुवातीला मॅकॉयांचे वंशज कोर्टात गेले ते पूर्वजांच्या थडग्यांपर्यंत जाण्याच्या वाटेसाठी, म्हणजे आपल्या भाषेत वहिवाटीसाठी. १४ जून २००३ रोजी पाइकव्हिल येथे दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी समेटाच्या कागदावर सह्या केल्या. भांडण केव्हाच थंडावले होते; अमेरिकेवरच्या २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर देशाची एकी दाखवावी हा त्यामागचा हेतू होता. आज त्या डोंगरांत हॅटफिल्ड-मॅकॉय नावाने पर्यटकांसाठी वाटा आखल्या आहेत. वैराचा असा धंदा आपल्या गावात होणार नाही. पण समाधीकडे जाणारी वाट कुणाच्या गटातून जाते, हे मात्र नकाशासह लिहून ठेवावे.

मसुद्याच्या दोन छापील प्रती काढून एकाच दिवशी दोन्ही घरांत द्याव्यात. एका घराला आठवडाभर आधी मिळाली, तर पुढचे सगळे काम वाया जाते. मी ही चूक केली आहे. दुरुस्त्या पेन्सिलीने मागवाव्यात आणि जिथे दोन्ही घरांचे म्हणणे जुळत नाही, तिथे दोन्ही म्हणणी शेजारी-शेजारी, सांगणाऱ्याच्या नात्यासह छापावीत. माहेर-सासरचा रकाना मात्र पुन्हा एकदा, घरातल्या सर्वांत वयस्कर बाईसमोर बसून, मोठ्याने वाचून दाखवावा. आमच्या प्रतीत अशा एका वाचनात तीन लेकी वाढल्या.