‘आणि मग’ला सुट्टी

कादंबरी संपल्यावर मुलाला गोष्ट सांगायला लावली की ‘आणि मग... आणि मग...’ अशी मालगाडी सुटते. त्याऐवजी वाक्यं जोडायला दोनच शब्द द्या: ‘पण’ आणि ‘म्हणून’.

सराव भोपळ्यातल्या म्हातारीवर करा, ती सगळ्यांना पाठ असते. म्हातारी लेकीकडे निघाली, पण वाटेत वाघ भेटला. म्हणून तिने ‘जाडजूड होऊन येते, मग खा’ असा वायदा केला. म्हणून परतताना भोपळ्यात बसावं लागलं. वायदा काढून टाकला तर भोपळ्याची गरजच उरत नाही, हे मुलांना चटकन दिसतं.

मग कादंबरी घ्या. प्रकरण संपलं की चिठ्ठीवर एकच वाक्य, सुरुवात ‘पण’ किंवा ‘म्हणून’ने. पात्रपरिचय, तात्पर्य वगैरे तूर्त नकोच, वाचनाचा गृहपाठ होतो. चिठ्ठ्या दोरीला चिमट्यांनी लावा. (आमची कपडे वाळत घालायची दोरी महिनाभर अडली होती.) एखादी चिठ्ठी कुठेच जुळत नसेल तर फेकू नका, दोरीच्या टोकाला लावून ठेवा. लेखकाने सुरुवातीला पेरलेलं बरेचदा शेवटच्या प्रकरणांत उगवतं. तेव्हा ती चिठ्ठी मुलालाच हलवू द्या.