क्लिकचा भाव आपल्या कमिशनवरून काढा: सर्च जाहिराती देणाऱ्या ॲफिलिएटसाठी

वडगावातला एक ओळखीचा पोरगा परवा लॅपटॉप घेऊन घरी आला. घरगुती शिलाई मशीन कोणतं घ्यावं, हे सांगणारी त्याची मराठी वेबसाइट आहे. तिथल्या लिंकवरून कुणी मशीन घेतलं की त्याला कमिशन मिळतं, म्हणजे तो ॲफिलिएट. त्यानं गुगलवर शोधताना दिसणारी, दर क्लिकला पैसे घेणारी जाहिरात लावली होती. आठ दिवसांत 200 क्लिक आले, 1,400 रुपये गेले आणि मशीन विकलं गेलं एक.

“काका, भाव अजून वाढवू काय? वर दिसली तर विकंल.”

मी त्याला आधी कागद घ्यायला लावलं. जाहिरातीत पैसे घालण्याआधी प्रत्येकानं हा हिशोब करावा, असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे पोरं उसनवारी करून जाहिराती लावतात.

आधी कागदावरचा हिशोब

मशीन 8,000 रुपयांचं आणि कमिशन 4 टक्के धरलं, तर एका विक्रीमागे 320 रुपये मिळतात. शंभर क्लिकमागे एक विक्री धरा, म्हणजे 400 क्लिकला चार. त्यातलं एक परत जाईल किंवा ऑर्डर रद्द होईल, आणि त्याचं कमिशन कापलं जातं. उरले तीन, म्हणजे 960 रुपये. त्याला 400 नं भागलं की एका क्लिकची आपल्याला असलेली किंमत निघते: 2 रुपये 40 पैसे.

अजून जीएसटी राहिला. जाहिरातीवर 18 टक्के कर लागतो, म्हणजे 1,000 रुपयांच्या जाहिरातीला खिशातून 1,180 जातात. 2.40 ला 1.18 नं भागलं की साधारण 2 रुपये 3 पैसे येतात. या भावाला ना नफा ना तोटा. चार पैसे हातात राहायचे असतील तर दीड रुपयाच्या वर जाऊ नये. पोरगा सात रुपये देत होता.

आकडे तुमचे तुम्ही घाला, पण परत जाणारा माल आणि जीएसटी सोडू नका. बहुतेकांचं गणित तिथंच चुकतं.

लिलाव कसा चालतो

बेळगावच्या एपीएमसीत रताळ्याचा सौदा पाहिला असेल, तर अर्धं समजलं. गुगलवर प्रत्येक शोधाच्या वेळी असाच लिलाव होतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. फरक इतकाच की जास्त बोलणाऱ्यालाच माल मिळतो असं नाही. बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो: लोक ती दाबतील का, शोधलेल्या शब्दाशी तिचा मेळ आहे का, आणि दाबल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का.

समजण्यापुरतं सोपं करून सांगतो. खऱ्या हिशोबात आणखी गोष्टी येतात. पहिल्याची बोली 10 रुपये, दर्जा 4, गुणाकार 40. दुसऱ्याची बोली 6 रुपये, दर्जा 8, गुणाकार 48. तिसऱ्याची बोली 6, दर्जा 5, गुणाकार 30. सगळ्यांत वर दिसतो दुसरा. आता पैसे बघा. आपली पूर्ण बोली कुणीच देत नाही, खालच्याला मागं टाकायला पुरेल एवढंच द्यायचं असतं. दुसरा देतो 40 भागिले 8, म्हणजे 5 रुपये आणि वर एखादा पैसा. पहिला देतो 30 भागिले 4, म्हणजे साडेसात. वर बसलेला पाच रुपयांत सुटला आणि त्याच्या खालचा साडेसात मोजतोय.

म्हणून भाव वाढवण्याआधी पान सुधारा. मशीनचे स्वतः काढलेले फोटो, कुठलं मशीन ब्लाउजला चालतं आणि कुठलं जाड कापडाला, सुटे भाग कुठं मिळतात, हे लिहा. नुसता “इथे दाबा” म्हणून दुकानाकडं ढकलणारं पान गुगलच्या नियमातही बसत नाही. आणि ज्या कंपनीचे तुम्ही ॲफिलिएट, तिची अट आधी वाचा. ॲमेझॉनसारखे काही प्रोग्राम त्यांच्या नावावर बोली लावायला आणि जाहिरातीतून थेट त्यांच्या साइटवर पाठवायला मनाई करतात. अट मोडली तर कमिशन गोठतं, खर्च मात्र झालेला असतो.

शब्द निवडताना

आम्ही सर्च टर्म्स रिपोर्ट उघडला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं, ते तिथं दिसतं. पोरानं कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी तो शब्द, घेतला होता “शिलाई मशीन”, ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे संबंधित वाटणाऱ्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसते. यादीत वरच्या ओळी अशा: मोफत शिलाई मशीन योजना. फ्री शिलाई मशीन फॉर्म. शिलाई मशीन दुरुस्ती बेळगाव. जुनं शिलाई मशीन विकणे आहे. अर्ध्याहून जास्त क्लिक असेच. योजनेचा फॉर्म शोधणारी बाई मशीन विकत घ्यायला आलेलीच नसते. तिला दोष काय द्यायचा? जाहिरात तिच्यासमोर गेली, ही आपली चूक.

मोफत, फ्री, योजना, फॉर्म, दुरुस्ती, जुनं, जुनी, सेकंड हँड हे सगळे निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्या यादीत, टाकले. मराठीतलं आणि रोमन लिपीतलं, दोन्ही रूपं टाका. निगेटिव्हमध्ये चुकीचं स्पेलिंग सोडलं तर गुगल मिळतीजुळती रूपं आपोआप धरत नाही, एकवचन-अनेकवचनसुद्धा वेगळं घालावं लागतं. मग कीवर्ड फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅच या नेमक्या शोधापुरत्या प्रकारांत घेतले: “शिलाई मशीन किंमत”, “घरगुती शिलाई मशीन कोणतं चांगलं”. घ्यायच्या बेतातला माणूस असं विचारतो.

सीमाभागाची सेटिंग

इथं राज्य निवडून चालत नाही. कर्नाटक निवडलं तर चंदगड, गडहिंग्लज, कागल सुटतात आणि बेंगळुरू आत येतं. महाराष्ट्र निवडलं तर खानापूर, निपाणी आणि आपलं बेळगावच बाहेर. त्यापेक्षा गावं आणि तालुके एकेक करून जोडा, किंवा बेळगाव आणि निपाणीभोवती त्रिज्या टाका. ठिकाणाच्या पर्यायात “तिथं असलेले लोक” निवडा. मूळ सेटिंगमध्ये त्या ठिकाणात रस दाखवणारे लांबचे लोकही धरलेले असतात.

भाषेची सेटिंग दिसत असेल तर मराठीसोबत इंग्रजी ठेवा. आपल्याकडे घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो. कन्नड ठेवायची की नाही, ते रिपोर्ट पाहून ठरवा.

बोली आणि बजेट

विक्री दुसऱ्याच्या साइटवर होते, म्हणून कुठल्या क्लिकवरून विक्री झाली हे गुगलला आपोआप कळत नाही. अशा वेळी कन्व्हर्जनवर, म्हणजे झालेल्या विक्रीवर, चालणारी स्वयंचलित बोली अंधारात चाचपडते. मॅन्युअल सीपीसी घ्या, म्हणजे दर क्लिकची बोली हातानं ठरवा, किंवा बजेटमध्ये जास्तीत जास्त क्लिक आणणारी मॅक्सिमाइझ क्लिक्स घेऊन कमाल सीपीसीची, म्हणजे एका क्लिकच्या भावाची, मर्यादा घाला. आमच्या हिशोबात ती दीड रुपया.

रोजचं बजेट 100 ठेवलं तर एखाद्या दिवशी 200 पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या 30.4 पटीवर जात नाही, पण खात्यात पैसे ठेवताना हे ध्यानात असू द्या.

प्रत्येक कीवर्ड गटाच्या ॲफिलिएट लिंकला वेगळा ट्रॅकिंग आयडी, म्हणजे ओळखीची खूण, लावा. बहुतेक प्रोग्राममध्ये तशी सोय असते. नाहीतर कमिशन कुठल्या शब्दानं आणलं, हे कधीच कळणार नाही.

किती थांबायचं

शंभर क्लिकमागे एक विक्री हे सरासरीचं गणित. पहिल्या शंभरात एकही विक्री न होण्याची शक्यता 37 टक्के असते, म्हणून तेवढ्यावर कीवर्ड मारू नका. 300 क्लिकपर्यंत शून्यच राहिलं तर मात्र बंद करा. निव्वळ नशिबानं असं घडण्याची शक्यता तिथं 5 टक्क्यांवर आलेली असते. दीड रुपयानं 300 क्लिकचे 450, वर जीएसटी 81, एकूण 531 रुपये. एका कीवर्डची परीक्षा घ्यायला एवढे बाजूला काढता येत असतील तरच तो यादीत घ्या. पोरानं त्या दिवशी अकरा कीवर्डांपैकी दोनच ठेवले.