पद्मिनीच्या जुन्या काचेवरचे चरे : घासायचं कधी आणि काच बदलायची कधी

संध्याकाळी पाच-साडेपाचला सूर्य समोर असताना जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चालवली असेल तर हे तुम्हाला माहीत असणारच, दुपारपर्यंत स्वच्छ वाटणारी पुढची काच एकदम दुधाळ होते, वायपर फिरतो त्या अर्धगोलात शेकडो बारीक रेघा चमकायला लागतात आणि समोरून येणारा स्कूटरवाला दिसतच नाही. आमच्या घरची गाडी १९७८ची, बाबांनी घेतलेली. तिच्या सगळ्या काचा कुर्ल्याच्या कारखान्यातून आल्या तशाच आहेत, फक्त पुढची सोडून. ती माझ्या हातून गेली, कशी ते खाली सांगतो म्हणजे तुमची वाचेल.

गॅरेजमध्ये विचारलं की एकच उत्तर मिळतं, काच टाका बदलून. माझं म्हणणं आहे की जरा थांबा. आधी काचेचा कोपरा बघा, तिथे बारीक शिक्का कोरलेला असतो, कंपनीचं नाव, टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) की लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा पापुद्रा असलेली), कधी कधी आयएसआयचा मार्क. हा शिक्का पुन्हा मिळत नाही. पद्मिनी हे नाव १९७४ला आलं, २०००च्या आसपास गाडी बनायची बंद झाली आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर स्पेअरला गिऱ्हाईक होतं, आता ते राहिलं नाही. म्हणून दाराची किंवा मागची काच चांगली असेल तर ती वाचवायचीच, पण ड्रायव्हरच्या डोळ्यासमोरच्या काचेला हा नियम लावायचा नाही. तिथे ओरिजिनलपेक्षा नजर मोठी.

पहिलं काम म्हणजे तो खरंच चरा आहे का ते बघणं. निम्म्या वेळा तो बोअरच्या पाण्याचा क्षार असतो, नाहीतर शेजारच्या गाडीला मारलेल्या कलरचे कण. काच आधी भरपूर पाण्याने धुवा, मग भांड्याचा साबण. त्यानंतर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं क्षाराच्या डागावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चिकटलेला कलर निघत नसेल तर साबणाचं पाणी मारून नवीन ब्लेड एकदम आडवं धरून एकाच दिशेने सरकवा, मागे-पुढे नाही, आणि मागच्या काचेला आतून डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवायच्या, तारा बसवल्या असतील तर तिकडे ब्लेड लावूच नका. डाग काढायचं म्हणून बाजारात ॲसिडवालं लिक्विड मिळतं, त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते काच तर खातंच पण कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं आणि लागल्या लागल्या कळतही नाही. ते घरात आणू नका, एवढंच सांगतो.

आता रात्री अंधारात टॉर्च तिरकी धरून काच बघा, जो जो चरा दिसेल त्याला आतल्या बाजूने मार्करने गोल करा. आतूनच करा, कारण बाहेरून घासायला लागलं की खूण लगेच पुसली जाते. मग प्रत्येक चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख न अडकता सरकलं तर पॉलिशने जाईल, थोडंसं जाणवलं तर फिका होईल पण पूर्ण जाईलच असं नाही, आणि नख टक् करून अडकलं तर तो चरा घालवायच्या फंदात पडू नका. काच म्हणजे पत्रा नव्हे, तिच्यावर पुटीन भरून कलर मारता येत नाही. चरा घालवायचा म्हणजे आजूबाजूची सगळी काच चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायची.

टूथपेस्टचा उपाय सगळे सांगतात. त्याने काच स्वच्छ होते, चरा जात नाही, वेळ घालवू नका. लागते ती सेरियम ऑक्साइडची पावडर, फिकट गुलाबी किंवा पांढरट रंगाची, काचेचं आणि आरशाचं काम करणाऱ्यांना माहीत असते. एका काचेच्या बारीक रेघांना पाव किलो पुरून उरते. सोबत दोन-तीन इंचाचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) पॅड, स्पीड कमी-जास्त होणारी ड्रिल किंवा पॉलिशर, पाण्याचा स्प्रे आणि धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क. पावडर पाण्यात कालवायची, घट्ट ताकासारखी झाली पाहिजे. ही पावडर नुसती घासत नाही, पाण्याबरोबर काचेच्या वरच्या थरावर तिची रासायनिक क्रियाही होते, म्हणून कोरडी पावडर वापरून काही उपयोग नाही, उलट काच तापते.

सुरुवात करण्याआधी झाकाझाकी नीट करा. बॉनेट, काचेखालची हवेची जाळी, रबर, क्रोमची पट्टी, सगळ्यावर प्लास्टिक आणि मास्किंग टेप. ते पांढरं पाणी एकदा रबराच्या फटीत वाळलं की सहा महिने निघत नाही. आणि गाडी सावलीत हवी, उन्हात तापलेल्या काचेवर हे काम अजिबात करायचं नाही.

पॅड ओला करा, त्यावर कालवण लावा, ड्रिल काचेला टेकवा आणि मगच बटण दाबा, नाहीतर सगळं भिंतीवर. स्पीड हजार-बाराशे आरपीएमच्या पुढे नको. पॅड पूर्ण सपाट ठेवायचा आणि सतत हलत ठेवायचा, चऱ्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा घेऊन, मधे जास्त आणि कडेला कमी कमी होत जाईल असा. अर्ध्या-एक मिनिटाने पाण्याचा फवारा, कालवण वाळून पिठूळ होऊ द्यायचं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून तळहाताची मागची बाजू काचेला लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर थांबा आणि काच आपोआप थंड होऊ द्या, गरम काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाईल. वायपरच्या बारीक रेघांसाठी एकूण दोन-तीन तास धरून चाला, एका दिवसात संपवायची घाई नको. पाच मिनिटांत काही दिसत नाही, विसाव्या मिनिटाला टॉर्च धरल्यावर रेघा थोड्या बोथट वाटायला लागतात आणि तिथून पुढे हुरूप येतो.

आता माझी चूक. पुढच्या काचेवर ड्रायव्हरच्या बरोबर समोर एक खोल चरा होता, वायपरचं रबर फाटून आतली पत्र्याची पट्टी घासल्यामुळे पडलेला, नख अडकत होतं. मी हट्टाने त्याच एका जागेवर दोन तास पॅड फिरवला. चरा गेला, मी खूश, बाबांना बोलावून दाखवला. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली तर रस्त्यावरचा विजेचा खांब त्या जागेतून वाकडा दिसत होता, डोकं जरा हलवलं की खांब पाण्यात असल्यासारखा हलायचा. काच तिथे खोलगट झाली होती, भिंगासारखी, आणि पंधरा मिनिटं चालवल्यावर डोकं दुखायला लागलं. हे परत सरळ करता येत नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण ती काच त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतः पुसलेली होती, मला अजून वाईट वाटतं.

म्हणून घासताना मधून मधून तपासत जा. गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसा, समोर सरळ रेघ असेल असं काहीतरी हवं, खिडकीचे गज, ट्यूबलाइट, विजेची तार, आणि डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. रेघ लचकली की तिथलं घासणं बंद. राहिला चरा तर राहू दे. वायपरच्या पट्ट्यात, डोळ्यासमोर, फक्त नखाला न लागणाऱ्या बारीक रेघाच घासायच्या, खोल चरा असेल तर काच बदलायची. दाराच्या काचेला खालच्या भागात किंवा कडेला थोडं लचकलं तर चालतं, तिथून तुम्ही रस्ता बघत नाही. फक्त ज्या भागातून बाहेरचा आरसा दिसतो तो भाग सोडा.

टफन्ड काचेबद्दल अजून एक. तिच्या बाहेरच्या दोन्ही थरांत दाब साठवलेला असतो, हा थर प्रत्येक बाजूला काचेच्या जाडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा, आणि त्यामुळेच ती मजबूत असते. सेरियमने जो थर निघतो तो त्यामानाने काहीच नाही, पण खरखरीत डिस्क लावून खोल खणायला गेलात तर हा थर कमजोर होतो आणि काच कधीतरी खड्ड्यात आदळल्यावर खळ्ळकन साबुदाण्यासारखी सांडते. लॅमिनेटेड काच वेगळी, दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो, फुटली तरी जागेवर राहते. पण तिच्या कडा पांढऱ्या पडून आत बुडबुडे दिसत असतील तर पापुद्रा सुटलाय, ते घासून जात नाही.

बदलायचंच ठरलं तर काय करायचं. पुढची आणि मागची काच गोलाई असलेली, ती सपाट काचेतून कापून होत नाही, तयारच शोधावी लागते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोरबाजार, पुण्यात नाना पेठ, इथे प्रत्यक्ष फिरा, फोनवर सगळे आहे म्हणतात. जुनी काच सोबत न्या किंवा तिचा पुठ्ठ्याचा साचा न्या, आणि घेताना ती काच विजेच्या तारेसारख्या सरळ रेघेसमोर धरून लचक तपासा. पुढची काच मात्र लॅमिनेटेडच घ्या, जुनी टफन्ड असली तरी. टफन्ड पुढची काच दगड लागून फुटली की एका क्षणात पूर्ण पांढरी होते आणि तुम्ही ऐंशीच्या स्पीडला आंधळे होता. ओरिजिनलचा हट्ट इथे नको, शिक्का असलेली जुनी काच गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवा, आमची तिथेच आहे.

दाराच्या काचा सोप्या. स्टीलची पट्टी आडवी-उभी टेकवून बघा, फट दिसली नाही तर काच सपाट आहे आणि ती बनवून घेता येते. पण टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, कापलं की भुगा, म्हणून आधी साध्या काचेत आकार, कडा, भोकं सगळं करून मगच ती भट्टीत सहाशेच्या वर तापवून एकदम गार करतात. म्हणजे तुमचा साचा दोन मिलिमीटरने चुकला तर काच फुकट. साचा पुठ्ठ्याचा नको, पातळ प्लायचा करा, चॅनलमध्ये, म्हणजे दारातल्या ज्या खाचेतून काच वर-खाली होते तिच्यात, घालून हँडलने पूर्ण वर-खाली करून बघा. जाडी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा, अंदाजाने सांगू नका. रंगही बघा, जुन्या काचेची कड पांढऱ्या कागदावर धरली की हिरवट झाक किती ते कळतं, एका दाराला हिरवी आणि दुसऱ्याला पांढरी असं झालं तर गाडी कायम खटकत राहते. काळी काच मागवू नका, नियमाप्रमाणे पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. गाडीवर आयएस २५५३चा (सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा) मार्क असलेलीच काच लावा.

पुढची काच बसवायला दोन माणसं आणि एक दोरी लागते. जुनी काढताना क्रोमची पट्टी असेल तर आधी फोटो काढा, मग आतून रबराची कड लाकडी चमच्याच्या दांड्याने पत्र्यावरून सोडवत न्या, स्क्रूड्रायव्हर काचेला लावू नका. काच निघाली की चौकटीतला गंज बघा. तिथे गंजाचा एक फुगवटा जरी राहिला तरी नवीन काच त्या बिंदूवर दाबली जाते आणि महिन्याभरात कारण नसताना तडकते, म्हणून गंज खरवडून, प्रायमर-कलर मारून, पूर्ण वाळल्यावरच पुढे जा. रबर नवीनच घ्या.

रबर आधी टेबलावर गोधडी पसरून काचेला बसवायचं. मग रबराच्या ज्या खाचेत पत्रा बसणार तिच्यात चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी पूर्ण गोल भरायची, टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर पुढे काढून ठेवायची. खाचेला आणि चौकटीला साबणाचं पाणी, तेल-ग्रीस नाही, त्याने रबर कुजतं. काच चौकटीवर ठेवली की दोरीची टोकं गाडीच्या आत आली पाहिजेत. बाहेरचा माणूस दोन्ही तळहातांनी काच दाबून धरणार, आतला माणूस दोरी हळूहळू स्वतःकडे ओढणार, आणि दोरी निघेल तशी रबराची कड पत्र्यावरून आत उलटत जाते, पुक् पुक् असा आवाज येत राहतो. जिथे दोरी ओढली जातेय त्याच्या बरोबर समोर बाहेरून दाब हवा, म्हणून दोघांनी बोलत राहायचं. कोपऱ्यात अडलं तर जोर लावू नका, साबण मारा आणि परत थोडं मागून या. मुठीने ठोकायचं तर नाहीच, आणि काच खाली ठेवायची वेळ आली तर गोधडीवरच, टफन्ड असो नाहीतर लॅमिनेटेड, कडेला फरशी लागली की संपलं.

मग पाइपने पाणी मारून दहा मिनिटं आत बसा आणि डॅशबोर्डच्या खाली हात फिरवून ओल लागते का बघा.

काच स्वच्छ झाली की चरे ज्यामुळे पडले तेही बदला. दाराच्या काचेवर उभ्या रेघा असतील तर त्या चॅनलमधल्या आणि कडेच्या फेल्टमध्ये अडकलेल्या मातीमुळे, ती फेल्ट नवीन टाकल्याशिवाय काच वर-खाली करूच नका. वायपरचं रबर दर पावसाळ्याआधी नवीन. आणि सकाळी धुळीने भरलेल्या काचेवर कोरडं फडकं मारायची आपल्याकडे जी सवय आहे, सोसायटीतला गाडी पुसणाराही तेच करतो, त्याला आधी एक बादली पाणी द्या.