पेरभर मलम: स्टिरॉइडची ट्यूब कशी वापरावी

आमच्या घरात दोन्ही टोकं होती. आईच्या घोट्यावर इसब. डॉक्टरांनी मलम दिलं, पण 'स्टिरॉइड आहे म्हणे' या धास्तीने ती मोहरीएवढा ठिपका लावायची आणि वर 'काही गुण नाही' म्हणायची. धाकट्या भावाने जांघेतल्या खाजेला दुकानातून अशीच एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून खूश होऊन तो चार महिने लावत राहिला. खाजेचं मूळ होतं गजकर्ण, म्हणजे त्वचेवरची बुरशी. ते पोटापर्यंत पसरलं आणि मांडीवर गरोदरपणानंतर पोटावर राहतात तसल्या रेघा उमटल्या. गजकर्ण पुढे औषधांनी गेलं, रेघा अजून आहेत.

म्हणून पहिली पायरी ट्यूबची नाहीच, आजाराची आहे. स्टिरॉइड त्वचेची सूज, लाली आणि खाज कमी करतं. इसब, सोरायसिस, साबणाची किंवा दागिन्याची अ‍ॅलर्जी अशा ठिकाणी ते कामाचं. बुरशीला ते मारत नाही, उलट तिथली प्रतिकारशक्ती दाबून तिला रान मोकळं करून देतं. कडेला उठावदार, मधे फिकं असं रिंगण दिसलं तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. 'बुरशी, जंतू, खाज, सगळ्यावर एकच' अशा मिश्र ट्यूबांमध्येही बहुतेक वेळा जोरकस स्टिरॉइड असतं.

आता ट्यूब हातात घ्या आणि मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षर वाचा. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य. क्लोबेटासोन मध्यम. मोमेटासोन आणि बेटामेथासोन व्हॅलरेट जोरकस. क्लोबेटासोल सगळ्यांत जहाल. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल यांत एका अक्षराचा फरक, पण ताकदीत जमीन-अस्मान! टक्केवारीवरही जाऊ नका. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कैक पटींनी जोरकस असतं.

कुठलं कुठे, हे कातडीच्या जाडीवर ठरतं. तळपाय-तळहाताची कातडी जाड, तिथे जोरकस औषध लागतं. चेहरा, पापण्या, काख, जांघ इथली पातळ. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत कपाळातून सुमारे सहापट आणि अंडकोषाच्या कातडीतून चाळीसपट हायड्रोकॉर्टिसोन आत शिरतं, असं मोजलेलं आहे. तेव्हा या जागी सौम्यच, तेही थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून. बाळाच्या डायपरखाली तर फारच जपून, कारण डायपरने झाकलं की औषध जास्त मुरतं. गोरं दिसण्यासाठी हे चेहऱ्याला लावणं म्हणजे विकतचं दुखणं. लावताय तोवर चेहरा तुकतुकीत, थांबवलं की लाली, आग आणि पुरळ.

कोरड्या, जाड, भेगाळलेल्या चट्ट्याला तेलकट ऑइंटमेंट, ओलसर जागेला क्रीम, डोक्याला लोशन.

आणि किती लावायचं? आईला हेच कोणी सांगितलं नव्हतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, म्हणजे वरच्या पेरावर, ट्यूबमधून एक सलग रेघ काढा. ट्यूबचं तोंड नेहमीच्या ५ मिलिमीटरचं असेल तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरतं. एका हाताच्या पंजाला दोन्ही बाजूंनी मिळून एक पेर, दंडापासून मनगटापर्यंत तीन, मांडीपासून घोट्यापर्यंत सहा. लहान मुलालाही पेर मोठ्या माणसाचंच, पण प्रमाण कमी. ते बालरोगतज्ज्ञ सांगतील.

आंघोळीनंतर अंग टिपून घ्या, चट्ट्यावरच पातळ थर लावा. चोळून जिरवायची गरज नाही. मॉइश्चरायझर लावायचं असेल तर मधे अर्धा तास जाऊ द्या. वरून प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी सांगितल्याशिवाय बांधू नका. हातालाच इसब नसेल तर नंतर हात धुवा. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा लावून गुण वाढत नाही.

मुदत डॉक्टरांकडून विचारून घ्या आणि ती पाळा. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांच्या पुढे नाही आणि मोठ्या माणसालाही आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही. सोरायसिसवर बरेच दिवस जोरकस मलम चालू असेल तर मनाने एकदम तोडू नका, तो उसळून येतो. लावूनही चट्टा वाढतोय, पू दिसतोय, कातडी कागदासारखी पातळ होतेय, तर मुदतीची वाट न बघता दाखवा. पापणीवर लावत असाल आणि नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

आईच्या खोक्यावर मी पेनाने सुरू केल्याची आणि थांबवायची तारीख लिहिली. रोज रात्री एक पेर. घोटा बारा दिवसांत मऊ झाला. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी तीसेक पेरं असतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त उरली. ती मागायला भाऊ आला होता. दिली नाही.